छप्पर शाकारायचं कोणी?

आयझलवर्थ हा आज लंडनच्या हाउन्सलो बरोचा भाग आहे. तिथल्या मिल प्लॅट नावाच्या गल्लीत बैठ्या घरांची एक विटांची रांग आहे. सर थॉमस इन्ग्रॅम यांनी १६६४ मध्ये गावातल्या गरीब स्त्रियांसाठी ती बांधली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये प्लेगची मोठी साथ आली, त्याच्या पुढच्या वर्षी आगीत जुनं शहर बेचिराख झालं. ही रांग मात्र टिकली.

अशा घरांना तिथे आम्सहाउस म्हणतात. ती बांधणारा दाता सहसा नुसत्या भिंती उभ्या करून थांबत नसे. आपल्याकडे देवळाच्या दिवाबत्तीसाठी इनाम जमीन लावून देत, तशी तो घरांच्या देखभालीसाठी जमीन किंवा ठेव लावून देई. विश्वस्त बदलत गेले, पण छप्पर गळलं तर ते कोणी दुरुस्त करायचं हा प्रश्न तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला सहसा पडला नाही. आजही आम्सहाउसमध्ये राहणारे कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतात. ते भाडं न देता दर आठवड्याला देखभालीची वर्गणी देतात. ब्रिटनमध्ये अशा सुमारे १,६०० संस्था आहेत आणि त्यांच्या घरांत ३५ हजारांहून अधिक माणसं राहतात.

गरीब बाईला मिळालेली ही काळजी बहुतेक सैनिकांच्या वाट्याला यायला फार वेळ लागला. हाउन्सलोची घोडदळाची छावणी १७९३ ची. तिथे १८४६ मध्ये फ्रेडरिक जॉन व्हाइट या शिपायाला शिक्षा म्हणून चाबकाचे दीडशे फटके मारण्यात आले आणि काही आठवड्यांत तो मेला. हेस्टनच्या धर्मगुरूंनी चौकशीशिवाय दफन करायला नकार दिला. चौकशी अधिकारी म्हणून बसले थॉमस वॉकली, म्हणजे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संस्थापक. देशभर संताप उसळला आणि त्याच वर्षी फटक्यांची कमाल संख्या पन्नासवर आणली गेली. सैन्यातून ही शिक्षा पुरती हद्दपार व्हायला १८८१ साल उजाडलं. ज्या समाजाला शिपायाच्या पाठीची पर्वा नव्हती, त्याने त्याच्या डोक्यावरच्या छपराचा विचार कुठून करावा?

तो विचार मोठ्या प्रमाणावर पहिल्या महायुद्धाने करायला लावला. हातपाय गमावलेले, वायूने फुप्फुसं जळालेले हजारो तरुण परतले. लंडनचं कोलिझियम नाट्यगृह उभारणारे ऑस्वल्ड स्टॉल यांनी अर्ध्या पेनीची ‘वॉर सील’ नावाची चिकटवायची तिकिटं विकून पैसा जमवला आणि फुलहॅममध्ये अपंग सैनिकांसाठी सदनिका बांधल्या. सैनिकाने बायकामुलांसह तिथे राहावं आणि उपचारही त्याच आवारात मिळावेत, ही त्यांची कल्पना मला आजही मोठी वाटते. हाउन्सलो बरोमध्येच, चिझिकच्या बर्लिंग्टन लेनवर, चिझिक वॉर मेमोरियल होम्स आहेत. युद्धाचं स्मारक म्हणून नुसता दगड न उभारता राहती घरं उभारली, हे मला फार योग्य वाटतं.

पण प्रत्येकाला संस्थेचं घर मिळत नाही. बहुतेक जण आपापल्या जुन्या घरातच म्हातारे होतात आणि तिथे अडचण असते ती न्हाणीघराच्या उंबऱ्याची, जिन्याची, बंद पडलेल्या बॉयलरची. माजी सैनिक असेल तर १८८५ पासून काम करणाऱ्या साफा संस्थेचा स्वयंसेवक घरी येतो, काय हवं ते पाहतो, कागद तयार करतो आणि त्या सैनिकाच्या जुन्या रेजिमेंटच्या कल्याण निधीकडे, रॉयल ब्रिटिश लीजनकडे वगैरे मदत मागतो. एकाच जिन्याच्या लिफ्टसाठी तीन-चार निधींतून थोडे थोडे पैसे येऊ शकतात. एक दिवसाची पगारी सेवा झाली असली तरी साफाचं दार उघडं असतं.

घर मालकीचं करून देणं हा मदतीचा दुसरा मार्ग. त्याचं एक मोठं उदाहरण आपल्या मावळात आहे. २००६ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली इथे अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या सुमारे दोन हजार स्वयंसेवकांसह आले आणि आठवडाभरात शंभर घरं उभी करण्याचं काम झालं. हॅबिटॅटची रीत अशी की कुटुंबाने स्वतः श्रमदान करायचं आणि घराची किंमत नफा न घेता हप्त्यांनी फेडायची. ही रीत माणसाची मान ताठ ठेवते. मात्र चावी हातात आली की दुरुस्तीही मालकाचीच होते. ब्रिटनमध्ये १९८० च्या कायद्याने कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, घरं सवलतीत विकत घेण्याचा हक्क भाडेकरूंना मिळाला. इमारतीतला फ्लॅट घेतलेल्या अनेकांच्या हाती पुढे छपराच्या आणि लिफ्टच्या दुरुस्तीची भलीमोठी बिलं आली. म्हणून मालकीसाठी मदत करणाऱ्याने पहिल्या दहा-वीस वर्षांच्या डागडुजीचीही तजवीज करावी, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन निधीत पैसे टाकताना सैनिकाच्या घराचा हा खर्चही मनात असावा.

हाउन्सलोतल्या मराठी घरांतही आता म्हातारे आईवडील आहेत, गुडघे बदललेले काका आहेत. अपंगत्वामुळे घरात सोयीचे बदल करावे लागले, तर त्यासाठी डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट नावाचं अनुदान आहे. १९९६ च्या कायद्याने ते कौन्सिलला द्यावं लागतं आणि इंग्लंडमध्ये त्याची मर्यादा ३० हजार पौंड आहे. मोठ्यांच्या बाबतीत उत्पन्न आणि बचत पाहतात, अपंग मुलांच्या बाबतीत पाहत नाहीत. घर भाड्याचं असलं तरी अर्ज करता येतो, घरमालकाची संमती मात्र लागते. बहुधा आधी ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येऊन गरज तपासतात. पूर्ण अर्ज गेल्यावर सहा महिन्यांत निर्णय द्यायचं बंधन कौन्सिलवर आहे. व्हिसावर राहणाऱ्यांनी आपण पात्र आहोत का, हे आधी विचारून घ्यावं. आणि मंजुरी हातात पडण्यापूर्वी गवंड्याला बोलावू नये. आधीच सुरू केलेल्या कामाचे पैसे सहसा मिळत नाहीत.