यंदा धान किती होईल? वहीलाच विचारा



रोवणी आटोपली की घरोघरी एकच प्रश्न निघतो : यंदा धान किती होईल? सिहोरा भागात या एका उत्तरावर बरेच काही अवलंबून असते. कर्ज किती काढावे, मुलीचे लग्न याच साली धरावे की पुढच्या, खायला किती ठेवून किती विकावे. आणि आपण उत्तर देतो ते बहुधा एखादे भरलेले साल आठवून. हिशेब चुकतो तो तिथेच.

समजा, तुमच्या दोन एकर बांध्यांत मागील तीन सालांत ४२, ३६ आणि २७ क्विंटल धान झाले. तिन्हींची बेरीज करून तीनने भागा. सरासरी ३५ येते. पण उत्पन्न तर उतरत चालले आहे! म्हणून जवळच्या सालाला जास्त मान द्या. सर्वांत जुन्या सालाला १ ने, मधल्याला २ ने व गेल्या सालाला ३ ने गुणा : ४२, ७२ आणि ८१. बेरीज १९५. तिला १ + २ + ३, म्हणजे ६ ने भागा. अंदाज आला साडेबत्तीस. यालाच भारित चल सरासरी म्हणतात.

चल का? मळणीनंतर धान ३० क्विंटल भरले, तर ४२ चे जुने साल सोडून द्या. आता ३६, २७ व ३० घ्या; पुढचा अंदाज ३० क्विंटल.

घरातील शिकलेल्या मुलामुलींना हे मोबाईलवरच्या तक्त्यात मांडायला सांगा. पहिल्या रकान्यात साल, दुसऱ्यात क्विंटल, तिसऱ्यात भार, चौथ्यात गुणाकार. सूत्र एकदा घातले की पुढे फक्त आकडे बदलायचे. मोबाईल नसेल तर वही पुरे.

पंतप्रधान पीक विमा योजनेतही उंबरठा उत्पन्न मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून काढतात. पण तो आकडा साऱ्या परिसराचा; तुमच्या बांधीचा नव्हे. आपला हिशेब आपणच ठेवावा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. या सरासरीला पाऊस दिसत नाही, चांदपूर जलाशयात पाणी किती तेही कळत नाही. उत्पन्न सतत घसरत असेल तर अंदाज खऱ्यापेक्षा थोडा जास्तच निघतो. एखाद्या साली तुडतुड्याने धान बसवले असेल, तर गेले साल म्हणून त्याला तिप्पट भार देणेही बरोबर नव्हे. म्हणून आकड्याशेजारी कारण लिहा : पाणी कमी, कीड, बियाणे बदलले.

वही घरच्या लक्ष्मीने सांभाळली तर उत्तमच. कोठीत किती पोती आली आणि किती गेली, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक? यंदा मळणी होताच पहिली ओळ लिहा. आणि कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी ती वही एकदा उघडा.