हळद साबणात उतरते तेव्हा

मकर संक्रांत ते रथसप्तमी हे दिवस जबलपूरच्या मराठी घरांतही हळदीकुंकवाचेच. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथून 1817 साली गेला. मराठी कुटुंबं मात्र राहिली, मध्य प्रांताच्या नोकऱ्यांमुळे पुढे वाढली, आणि वाण लुटण्याची रीतही त्यांच्याबरोबर टिकली. प्लॅस्टिकच्या डब्या नि स्टीलच्या वाट्या देऊन-घेऊन झाल्यावर आता काही घरांतून घरी केलेल्या साबणाची वडी हातावर पडते. पारदर्शक, आत गुलाबी नाहीतर निळसर छटा, वर चमक. ती करणं अवघड नाही. ग्लिसरीन साबणाचा तयार बेस बाजारात मिळतो. तेल आणि कॉस्टिक सोडा यांचं सगळं नाट्य कारखान्यातच आटोपलेलं असतं. घरी बेस चिरायचा, वितळवायचा, त्यात रंग नि वास घालायचा आणि साच्यात ओतायचा. चिरणं-ओतणं तासाभरात कुणालाही जमतं. रंगाचं तसं नाही.

पहिला हात जातो तो हळदीच्या डब्याकडे. घरातली, ओळखीची, अंगाला लावायची वस्तू. साबणात का नको? एक किलो बेसला पाव चमचा हळद ग्लिसरीनमध्ये कालवून घातली की भांड्यातला रंग डोळ्यांदेखत पालटतो. पिवळा राहत नाही, केशरीकडे सरकतो. हळद सढळ पडली तर थेट विटकरी होतो. यात हळदीत भेसळ असल्याची शंका घ्यायचं कारण नाही. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, आणि साबण म्हणजे अल्कलीच. या बेसचा सामू साधारण 9 ते 10 च्या घरात असतो. हळदीत चुना कालवला की ती लालभडक होते, हे मराठी बायकांना वेगळं सांगायला नको. कपड्यावरचा आमटीचा डाग साबण लागताच लाल होतो, तोही याच कारणाने.

स्वयंपाकघरातल्या आणि परसातल्या बहुतेक रंगांची साबणात हीच तऱ्हा. बीटचा रस काचेच्या ग्लासात कितीही गुलाबी दिसो, साबणात तो तपकिरी पडतो. जास्वंदीचा लाल रंग हिरवट-करडा होतो. पालकाची नाहीतर कडुनिंबाच्या पाल्याची पूड काही दिवस हिरवी राहते आणि मग वाळक्या पानाच्या रंगावर जाते. ताजा रस घालण्यात आणखी एक धोका आहे. त्यातलं पाणी बेसला मऊ पाडतं आणि वडीत बुरशीला जागा करून देतं. टिकणारी वनस्पती शोधायची तर मंजिष्ठेच्या मुळाची पूड बरी, ती गुलाबी ते तांबूस छटा देते. शेंद्रीच्या बियांचा पिवळसर केशरीही बऱ्यापैकी तग धरतो. रतनजोत तेलात लाल दिसते आणि साबणात गेली की जांभळट होते. पण तिचा रंग तेलातच उतरतो आणि तयार बेसमध्ये तेल जास्त झालं की फेस मरतो, म्हणून ती थेंबांनीच घालावी.

जबलपूरच्या आसपास राहणाऱ्याला पळस कसा विसरता येईल? फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडला रस्त्याला लागलं की पानं झडलेली झाडं केशरी फुलांनी पेटलेली दिसतात. इथे त्यांना टेसू म्हणतात. होळीसाठी ही फुलं उकळून रंग काढायची जुनी पद्धत आहे, आणि रंग गडद व्हावा म्हणून त्या पाण्यात चुना टाकतात. म्हणजे अल्कलीत पळसाचा रंग मरत नाही, उलट खुलतो. सुकवलेल्या पाकळ्या कोमट ग्लिसरीनमध्ये मुरवून, गाळून ते ग्लिसरीन पारदर्शक बेसमध्ये घातलं तर मधासारखी पिवळी-केशरी वडी मिळते. उन्हात मात्र हा रंग विटतो, तेव्हा ती वडी खिडकीत मांडायची नाही, कागदात गुंडाळून कपाटात ठेवायची.

आता बाजारच्या रंगांकडे. इथे एकच भेद नीट समजला तर पुढची निम्मी फजिती टळते. काही रंग पाण्यात विरघळतात, काही विरघळत नाहीत, नुसते कणरूपाने तरंगतात. केक-मिठाईत घालायचे द्रवरंग विरघळणारे. भारतात खाद्यपदार्थांसाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. खायला चालतो म्हणजे साबणातही जागचा हलणार नाही, असं मात्र नाही. बेसमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतंच, त्यातून हे रंग चालू लागतात. खाली निळा थर, वर पांढरा थर अशी देखणी वडी संक्रांतीच्या आठ दिवस आधी केली, तर द्यायच्या वेळी पांढऱ्यात निळसर धूर चढलेला असतो. एकाच रंगाची वडी असेल तर खाद्यरंगाने काही बिघडत नाही. थर, चित्रं, नक्षी हवी असेल तर कणांचे रंग घ्यावेत.

कणांच्या रंगांत आयर्न ऑक्साइडचे लाल, पिवळा, काळा हे सगळ्यांत भरवशाचे. ते उन्हाला, अल्कलीला दाद देत नाहीत. इथे जबलपूरकराला मोह होतो तो गेरूचा, कारण जबलपूर आणि कटनी या दोन्ही जिल्ह्यांत गेरूचे साठे आहेत, आणि गेरूचा लाल रंग आयर्न ऑक्साइडचाच. पण जमिनीतून निघालेल्या मातीत शिसं, आर्सेनिक असं काहीही सोबत येऊ शकतं, म्हणून सौंदर्यप्रसाधनांसाठी आयर्न ऑक्साइड मुद्दाम कृत्रिमरीत्या बनवतात. कुंडीला आणि तुळशीवृंदावनाला गेरू शोभतो. साबणात तो घालू नये. निळ्यासाठी अल्ट्रामरीन आहे. कपड्यांना नीळ म्हणून दिली जाणारी पूड याच जातीची, पण साबणासाठी सौंदर्यप्रसाधनाच्या दर्जाचीच घ्यावी. अल्ट्रामरीनचं वैर आम्लाशी आहे. लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिड लागलं की सडक्या अंड्याचा वास सुटतो.

चमक येते ती अभ्रकाने. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइड आणि आयर्न ऑक्साइडचा लेप चढवून या पुडी बनवतात. पारदर्शक बेसमध्ये त्या झळकतात. पांढऱ्या बेसमध्ये टायटॅनियम आधीच असतं, तिथे चमक बुडते आणि रंग फिका पडतो. झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यातल्या अभ्रकात मुलांचे हात राबतात हे अनेकदा उघडकीला आलं आहे. म्हणून कृत्रिम अभ्रकाची पूड मिळाली तर थोडे पैसे जास्त मोजून ती घ्यावी.

अभ्रक घातलेला साबण ओतायची वेळ बघण्यासारखी असते. बेसचे पेराएवढे तुकडे पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या भांड्यात 60 अंशांच्या आसपास वितळतात. उकळी फुटू द्यायची नाही. पाणी उडून गेलं की बेस चिकट होतो. किलोला एक-दोन चहाचे चमचे अभ्रक पुरतं, तेही आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये गुठळी मोडून. लगेच ओतलं तर सगळी चमक साच्याच्या तळाशी जाऊन बसते. म्हणून भांडं उतरवून सावकाश ढवळत राहायचं. 50 अंशांच्या जवळ आल्यावर कडेला दुधासारखी पातळ साय धरू लागते, मिश्रण जडावतं, आणि चमच्यामागे उठणारे चंदेरी भोवरे खाली न जाता जागीच राहतात. तेव्हा ओतायचं. जबलपूरच्या मे महिन्यात या क्षणाची बराच वेळ वाट पाहावी लागते. जानेवारीच्या थंडीत तो हां हां म्हणता येतो आणि निसटतो. वरचे बुडबुडे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फवाऱ्याने फुटतात. ते पेट घेतं, म्हणून आधी गॅस बंद.

रंग ठरवण्यापूर्वी तीन चाचण्या कराव्यात. वितळलेल्या मिश्रणाचा एक थेंब पांढऱ्या बशीवर टाकावा. दोन मिनिटांत गोठल्यावर खरा रंग कळतो, भांड्यात तो नेहमी गडद दिसतो. गोठलेला तुकडा ओल्या पांढऱ्या रुमालावर चोळावा. फेस रंगीत आला किंवा रुमालाला डाग पडला तर रंग जास्त झाला आहे, बेस वाढवायचा. तिसऱ्या चाचणीला धीर लागतो: वडीचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाकून ती आठवडा-दोन आठवडे खिडकीत ठेवायची आणि मग दोन्ही अर्धे शेजारी पाहायचे. सुगंधही यात धरावा. व्हॅनिलाच्या वासातलं व्हॅनिलिन पांढऱ्याशुभ्र वडीला चहाच्या रंगावर नेतं, आणि दोष मात्र बिचाऱ्या रंगावर येतो.

पुडी घेताना तिच्यावर रंगाचा सीआय (कलर इंडेक्स) क्रमांक आहे का ते पाहावं. टायटॅनियम डायऑक्साइडचा 77891, लाल आयर्न ऑक्साइडचा 77491, पिवळ्याचा 77492, अल्ट्रामरीनचा 77007, अभ्रकाचा 77019. कमानिया गेटच्या आसपासच्या बाजारात रंगाच्या सुट्या पुड्या मिळतात. पण रांगोळीचा, गुलालाचा, कापडाचा किंवा मेणबत्तीचा रंग अंगाला लावायच्या वस्तूत घालणं हा हलगर्जीपणा आहे. सौंदर्यप्रसाधनांतल्या सेंद्रिय रंगांत आर्सेनिक दशलक्ष भागांत 2 भागांपेक्षा आणि शिसं 20 भागांपेक्षा जास्त असू नये, असा आपल्याकडे नियम आहे. रांगोळीच्या पुडीला तो कोण लावतो? साबण विकायचा विचार असेल तर सौंदर्यप्रसाधन नियम, 2020 खाली परवाना लागतो, हेही आधीच माहीत असावं.

ग्लिटर मात्र पूर्ण सोडून द्यावं. ते बहुधा प्लॅस्टिकचं असतं, आंघोळीच्या पाण्याबरोबर नाल्यात उतरतं, आणि या शहरातले नाले शेवटी नर्मदेच्याच खोऱ्यात जातात. युरोपीय संघाने ऑक्टोबर 2023 पासून सुट्या प्लॅस्टिक ग्लिटरच्या विक्रीवर बंदी घातली. आपण बंदीची वाट का पाहावी? चमक हवीच तर अभ्रक आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने दहा-वीस रंगांचा संच घेऊ नये. लाल आयर्न ऑक्साइड, पिवळा आयर्न ऑक्साइड, निळा अल्ट्रामरीन आणि पांढरं टायटॅनियम, एवढ्या चार पुड्यांतून गुलाबी, बदामी, आकाशी, शेवाळी आणि विटकरी छटा निघतात. किलोला पाव चमच्यापासून सुरुवात करावी. रंग वाढवणं सोपं असतं; जास्त झालेला काढता येत नाही.