सातत्यगणनेची नीतिमीमांसा

गुण, पदके, क्रमवारी यांसारखी खेळाची अंगे खेळाबाहेरील व्यवहारात योजण्याच्या पद्धतीस ‘गेमिफिकेशन’ हे नाव रूढ झाले आहे. मराठीत तीस ‘क्रीडाकरण’ म्हणावयास हरकत नाही. या पद्धतीवर सामान्यतः घेतला जाणारा आक्षेप असा की, ती मनुष्याला त्याच्या नकळत वश करते. हा आक्षेप फारच व्यापक होय. त्या अर्थाने शाळेतील शाबासकीही वशीकरणच ठरेल. नीतिविचारास उपयोगी पडेल असा भेद करावयाचा, तर गणना कशाची होते आणि ती खंडित झाल्याची झळ कोणास लागते, हे पाहिले पाहिजे.

या दृष्टीने स्नॅपचॅटवरील ‘स्ट्रीक’ विशेष उद्बोधक आहे. दोन मित्रांनी दर २४ तासांत एकमेकांस निदान एक छायाचित्र वा चित्रफीत धाडण्याचा क्रम काही दिवस चालविला, की त्यांच्या नावापुढे ज्वालेचे चिन्ह व दिवसांचा आकडा दिसू लागतो. मुदत सरत आली की वाळूचे घड्याळ प्रकट होते. दोघांपैकी एकाने चुकविले तरी आकडा दोघांचाही जातो. छायाचित्रात काय आहे याची गणनेस पर्वा नसते. घराच्या छताचे छायाचित्रही चालते. म्हणजे येथे संवाद मोजला जात नाही, हजेरी मोजली जाते.

समान लाभाच्या आनंदापेक्षा हानीचे दुःख मनास अधिक जाणवते, हे कानेमन व ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले. प्रारंभी बक्षीस वाटणारा आकडा शंभर दिवसांनी सांभाळावयाची ठेव का होतो, हे यावरून उमगते. परंतु केवळ हानिभय हे येथील वैशिष्ट्य नव्हे. ड्युओलिंगोवरील वैयक्तिक गणनेतही ते आहेच. मात्र तेथे खंड पडला तर नुकसान एकट्या विद्यार्थ्याचे, आणि मोजला जाणारा दिवस निदान थोड्याबहुत अभ्यासाचा असतो. स्नॅपचॅटवर मित्रच पहारेकरी होतो. कंपनीने करावयाचा आग्रह मैत्रीची भीड परस्पर करते. प्रवासास जाताना आपले खाते दुसऱ्या मित्राच्या हाती सोपवून आकडा जिवंत ठेवण्याची रीत मुलांत पडली, ती यामुळेच.

सहभाग स्वेच्छेचा आहे, हे समर्थन येथे अपुरे पडते. आरंभ स्वेच्छेने होतो खरा. पण थांबावयाचे म्हटले की दुसऱ्याचेही काही मोडावे लागते. त्यातच २०२३ मध्ये तुटलेली स्ट्रीक शुल्क भरून पूर्ववत करण्याची सोय आली. आपणच निर्माण केलेल्या भीतीवरचा उतारा विकण्याचा हा व्यवहार कोणत्याही समर्थनात बसविणे कठीण.

अमेरिकेच्या सेनेटमध्ये जोश हॉली यांनी जुलै २०१९ मध्ये मांडलेल्या विधेयकात अशा पदकांवर व पुरस्कारांवर बंदी सुचविली होती. ते संमत झाले नाही. त्याची भाषा वापरकर्त्यास मिळणाऱ्या पुरस्कारापुरती होती. एकाच्या विरामाचा भार दुसऱ्यावर टाकणाऱ्या रचनेचा वेगळा विचार तीत आढळत नाही.