संलयन भट्टीतील मोजमाप आणि किरणोत्सर्ग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोंदिया जिल्ह्यातील तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्रात 660 मेगावॉटचे पाच संच आहेत. बॉयलरमधला तापमान सेन्सर बिघडला तर संच बंद करून, थंड होऊ देऊन माणूस तो बदलतो. पण हलके अणू एकत्र जोडून ऊर्जा मिळवणारी संलयन भट्टी एकदा पूर्ण क्षमतेने चालली की आत माणसाला जाता येत नाही. तिथे दुरुस्ती दूरनियंत्रित यंत्रांनीच करावी लागते. म्हणून आतली मोजणारी उपकरणे टिकणे हा या तंत्रज्ञानाच्या जिवाचा प्रश्न आहे.

गैरसमज : संलयनात किरणोत्सर्ग नसतोच.
वस्तुस्थिती : युरेनियमच्या भट्टीसारखे जळलेले इंधन इथे उरत नाही, हे खरे. पण ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांच्या संलयनातली सुमारे 80 टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातो. त्याची ऊर्जा 14.1 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. त्याला विद्युतभार नसल्याने, भट्टीतला अतितप्त वायू म्हणजे प्लाझ्मा धरून ठेवणारे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवू शकत नाही. तो थेट भिंतीवर आणि तिथल्या उपकरणांवर आदळतो.

गैरसमज : उपकरणे अनेक वर्षांनी झिजतात, लगेच काही होत नाही.
वस्तुस्थिती : काही परिणाम किरणोत्सर्गाचा मारा सुरू होताच दिसतात. एरवी वीज रोखणारे सिरॅमिक थोडी वीज वाहू देते, केबलमध्ये खोटा सिग्नल उमटतो, ऑप्टिकल फायबर स्वतःच चमकू लागते. मारा थांबला की यातले बरेचसे ओसरते. फायबर काळवंडणे मात्र साचत जाते. अमेरिकेतील टीएफटीआर या संलयन यंत्रात ते कमी करण्यासाठी फायबर सुमारे 400 अंश सेल्सिअसपर्यंत तापवत.

गैरसमज : जाड काचेमागे कॅमेरा ठेवला की भागते.
वस्तुस्थिती : काचही काळवंडते. म्हणून प्लाझ्मासमोर धातूचा आरसा बसवतात आणि प्रकाश वळणावळणाच्या वाटेने बाहेर काढतात. सरळ जाणारे बहुतेक न्यूट्रॉन मधल्या संरक्षक थरात अडतात. आता काळजी आरशाची: भिंतीवरून उडालेले कण त्याच्यावर बसतात, त्याचा पृष्ठभागही झिजतो आणि परावर्तन कमी होते.

गैरसमज : सोने गंजत नाही, म्हणून ते इथेही टिकेल.
वस्तुस्थिती : प्लाझ्मातून बाहेर पडणारी ऊर्जा मोजणाऱ्या बोलोमीटरमध्ये सोन्याचा पातळ थर वापरतात. न्यूट्रॉन शोषला की सोन्याचा अणू किरणोत्सारी होतो आणि त्याचा पारा बनतो. त्यामुळे पर्याय म्हणून प्लॅटिनमकडे वळावे लागले.

गैरसमज : हे परदेशातले, आपला काय संबंध?
वस्तुस्थिती : फ्रान्समधील कादाराश येथे उभ्या राहणाऱ्या इटर या संलयन प्रकल्पात भारत सात भागीदारांपैकी एक आहे. त्यासाठी क्ष-किरण वर्णपटमापकासारखी उपकरणे देण्याची जबाबदारी गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील इटर-इंडियाकडे आहे.

गोंदिया जिल्ह्यात भौतिकशास्त्र, धातुशास्त्र किंवा इन्स्ट्रुमेंटेशन शिकणाऱ्यांनी या क्षेत्राकडे जरूर पाहावे. ज्या भट्टीचे मोजमाप घेता येत नाही, ती भट्टी चालवताही येत नाही.