पाते चुकले की यंत्र उलटते

हातोडी, पक्कड, पाना आणि फार तर एखादी करवत, एवढ्यावर मध्यमवर्गीय घरातील हत्यारांची पेटी पूर्वी पूर्ण होत असे. आता दोन-तीन हजार रुपयांत ड्रिल यंत्र घरपोच मिळते आणि त्याच्या पाठोपाठ ग्राइंडर व मार्बल कटरही येतो. सदनिकेची गॅलरी किंवा बंगल्याचे गॅरेज हीच अनेकांची कार्यशाळा झाली आहे. हौस चांगलीच आहे. एका फळीसाठी सुताराची आठ-आठ दिवस वाट पाहण्यापेक्षा तर नक्कीच. मात्र कारखान्यात अशा यंत्राभोवती जी शिस्त असते, ती यंत्राबरोबर घरी येत नाही. यंत्रांच्या धोकादायक भागांना आच्छादन, डोळ्यांना संरक्षण आणि चालू यंत्राजवळ काम करणाऱ्यास अंगाबरोबर बसणारे कपडे, याविषयीच्या तरतुदी १९४८ च्या कारखाने अधिनियमातच करण्यात आल्या होत्या. घरात ना पर्यवेक्षक असतो, ना निरीक्षक.

घरगुती यंत्रांपैकी सर्वांत जपून वापरावे असे यंत्र कोणते, असे विचारल्यास ग्राइंडरचे नाव घ्यावे लागेल. त्याची चार इंची चकती मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेते. म्हणजे चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते आणि तुकडा निसटलाच तर तोही त्याच वेगाने बाहेर पडतो. म्हणूनच प्रत्येक चकतीवर कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो यंत्रावरील आकड्यापेक्षा कमी असता कामा नये. मधल्या धातूच्या कड्यावर बहुधा वापराची मुदतही असते. चकतीतील कण राळेने बांधलेले असतात आणि ओलाव्याने ही बांधणी कमकुवत होते. पावसाळाभर गॅलरीत पडून राहिलेली चकती वापरण्यापेक्षा टाकून देणे स्वस्त पडते.

खरा घात मात्र लाकूड कापताना होतो. ग्राइंडरवर बसणारी दातेरी पाती बाजारात सर्रास विकली जातात. धातू कापणाऱ्या चकतीला दात नसतात, ती घासत जाते. दातेरी पाते लाकडात चावा घेते. कापलेली फट किंचित मिटली किंवा पाते जरासे तिरपे झाले, की दात लाकडात अडकतात. फिरण्याचा जोर मग पात्याला पुढे नेण्याऐवजी यंत्रालाच मागे, धरणाऱ्याच्या दिशेने फेकतो. हे इतक्या क्षणार्धात घडते, की हात मागे घेण्यास अवधीच मिळत नाही. त्यातच मोठे पाते बसावे म्हणून गार्ड काढून टाकलेला असेल, तर यंत्र आणि मांडी किंवा गळा यांच्यामध्ये काहीही उरत नाही. सुतार रोज असेच कापतात, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्यांपैकी काहींच्या हाताची बोटे मोजून पाहावीत, एवढेच त्यावर सुचवता येईल. लाकडासाठी स्वतःच्या आच्छादनासह येणारी सर्क्युलर सॉ किंवा जिगसॉ वापरावी. प्लायवुडच्या काही दुकानांत मापाप्रमाणे कापूनही मिळते. हौशी माणसाला ते कमीपणाचे वाटते, पण सरळ कापलेली फळी हाती येते हेही खरे.

ग्राइंडर घेताना बटण पाहून घ्यावे. बऱ्याच स्वस्त यंत्रांत सरकवून अडकणारे बटण असते. यंत्र हातातून पडले तरी ते फिरतच राहते. भारनियमनाची सवय असलेल्या आपल्या राज्यात आणखी एक धोका संभवतो. काम चालू असताना वीज गेली, बटण तसेच राहिले आणि अर्ध्या तासाने वीज आली, की टेबलावर ठेवलेले यंत्र आपोआप उसळते. काही यंत्रांत हे टाळण्याची सोय असते, सर्वांत नसते. म्हणून वीज जाताच प्लग काढावा. पाते बदलतानाही प्लग, किंवा बॅटरीवरील यंत्राची बॅटरी, आधी बाजूला करावी.

विजेबाबत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. घरातील एमसीबी माणसाला वाचविण्यासाठी नसते, ती तारा जळू नयेत म्हणून असते. सहा किंवा दहा अँपियरच्या पुढे ती खाली पडते. माणसाचा जीव जाण्यास त्याचा अगदी छोटा अंश पुरतो. त्यासाठी ३० मिलिअँपियरची आरसीसीबी हवी आणि तिचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहायला हवे. एक्स्टेन्शन बोर्डाची तार गुंडाळलेली ठेवू नये, जड यंत्रावर ती तापते.

भिंतीला भोक पाडताना स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि बाजूला तारा असल्याचे गृहीत धरावे, तसेच पलीकडे न्हाणीघर असल्यास नळही. नव्या इमारतींत अनेकदा भिंतीच काँक्रीटच्या असतात. ड्रिलचे टोक आतल्या सळईत अडकले, की टोक थांबते आणि यंत्र फिरते. मनगट मुरगळते ते येथे. सोबत येणारी बाजूची मूठ खोक्यातच ठेवण्यासाठी दिलेली नसते. सैल बाही, ओढणी, लांब केस, गळ्यातील साखळी आणि बोटातील अंगठी ड्रिलपासून दूर हवी. सुती हातमोजेही येथे घातक, कारण फिरते टोक दोऱ्यासह बोट ओढून घेते.

नेहमीचा चष्मा डोळ्यांना बाजूने वाचवत नाही, बंद कडांचा गॉगल घ्यावा. ग्राइंडरचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो आणि अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेच्या शिफारशीनुसार एवढा आवाज दिवसाला पाव तासाहून अधिक ऐकू नये. फरशी कापताना उडणारी सिलिकाची धूळ आणि लाकडाचा भुसा या दोन्हींची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक म्हणून केलेली आहे. रुमाल बांधून ती अडत नाही. एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मुखवटा लागतो. जुने सिमेंटचे पत्रे तर घरी कापूच नयेत, त्यांत ॲस्बेस्टॉस असते.

एवढे करूनही इजा झाली तर काय करावे, हे आधीच ठाऊक हवे. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. डोळ्यात रुतलेला कण चोळू नये, स्वतः काढूही नये. बोट तुटल्यास ते किंचित ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवल्यास पेशी गोठतात आणि ते पुन्हा जोडण्याची शक्यता घटते.