कागद नेमका कुठे आहे?

तालुक्याची कामे : भाग ९

विहिरीवरची मोटार चालू करताना विजेचा धक्का बसून घरातला कर्ता माणूस जातो आणि तेराव्याच्या आतच घरच्यांना कागद गोळा करायला बाहेर पडावे लागते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अशा मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. पण अर्जाला पोलिसांचे कागद लागतात. मुलगा ठाण्यात जाऊन एफआयआरची प्रत मागतो. ठाणे अंमलदार म्हणतो, ‘गुन्हाच दाखल नाही, तर प्रत कुठली देऊ?’ मुलगा हात हलवत परत येतो. खोटे कुणीच बोललेले नसते. अशा मृत्यूची नोंद गुन्ह्यांच्या रजिस्टरात होतच नाही, ती अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरात होते. कुणी तिला ‘एडी’ म्हणते, विदर्भात ‘मर्ग’ म्हणतात. त्या मुलाने मागायला हवी होती ती अकस्मात मृत्यूची खबर, इन्क्वेस्ट पंचनामा, घटनास्थळाचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल. व्हिसेरा राखून ठेवला असेल तर मृत्यूचे अंतिम कारण रासायनिक तपासणीचा अहवाल आल्यावरच लिहिले जाते. त्याला वेळ लागतो, म्हणून तोवर हाती असलेले कागद जोडून अर्ज मुदतीत दाखल करावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे पोलिसांना या चौकशीचा अहवाल २४ तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो. म्हणजे ठाण्यातून ‘पुढे पाठवले’ असे उत्तर आले, तर पुढचा दरवाजा प्रांत कार्यालयाचा.

पोलीस आणि कोर्टाच्या कागदांसाठी लोक जे हेलपाटे घालतात, त्यांतले बरेचसे असे असतात. कागद असतो, पण माणूस भलत्या दारात उभा असतो. म्हणून अर्ज लिहायच्या आधी दोन गोष्टी ठरवून घ्या. प्रकरण आज कोणत्या टप्प्यावर आहे, आणि त्यात आपण कोण आहोत: फिर्यादी, पीडित, आरोपी, पक्षकार की तिऱ्हाईत? हक्क या दोन गोष्टींवर ठरतो.

एफआयआरपासून सुरुवात करू. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा नव्या नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या कलम १७३ प्रमाणे फिर्यादीला किंवा पीडिताला एफआयआरची प्रत लगेच आणि मोफत द्यायची असते. झेरॉक्सचे पैसेही मागता येत नाहीत. फिर्याद वाचून घेऊन सही केली की प्रत हातात पडल्याशिवाय ठाणे सोडू नका. मोबाईलवर काढलेला फोटो पुरत नाही, सही-शिक्क्याची प्रत घ्या. आरोपीसाठी सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१६ चा निकाल आहे. त्याने स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत अर्ज केला तर २४ तासांत प्रमाणित प्रत द्यायला हवी. त्याच निकालाने एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला. इंटरनेट नीट नसलेल्या दुर्गम भागांसाठी ही मुदत ७२ तासांपर्यंत नेता येते. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद अशा संवेदनशील प्रकरणांतल्या एफआयआर मात्र टाकल्या जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. लहान गावात नाव छापले नाही तरी गल्ली आणि वय एवढ्यावरून मुलगी ओळखू येते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारीख भरली की प्रकाशित एफआयआर सापडतात. ठाणे गावापासून लांब असेल तर आधी तिथे पाहावे.

बांधावरची शिवीगाळ किंवा किरकोळ मारहाण असेल तर बहुधा अदखलपात्र नोंद होते, म्हणजे एनसी. तिचा क्रमांक आणि तारीख असलेली पावती घ्या आणि जपून ठेवा. पुढे भांडण वाढले तर आधीपासून त्रास होता हे दाखवायला तीच उपयोगी पडते. कलम १२६ किंवा १२९ खालच्या चॅप्टर केसचे कागद मात्र कोर्टात शोधू नका. ते कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे तहसील किंवा प्रांत कचेरीत असतात.

तपास चालू असतानाचा काळ सर्वांत अवघड. केस डायरी आरोपीला मागता येत नाही, तो कायदाच आहे. पण तपास कुठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांच्या आत कळवणे नव्या संहितेच्या कलम १९३ ने पोलिसांवर बंधनकारक केले आहे. ही तरतूद गावात फारशी कुणाला ठाऊक नाही. नव्वद दिवस उलटून गेले आणि काहीच कळले नाही, तर कलमाचा उल्लेख करून ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही घ्या. अर्ज घेत नसतील तर तोच स्पीड पोस्टाने ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना पाठवा. तोंडी विचारपूस कितीही केली तरी तिचा पुरावा राहत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज इथे चालतो का? चालतो. अर्ज मराठीत, १० रुपये शुल्क, कारण सांगायची गरज नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘तपास चालू आहे’ एवढ्या एका ओळीवर नकार येतो तेव्हा लोक गप्प बसतात. तसे बसू नये. माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याने दाखवायला हवे, नुसता तपास चालू असणे पुरेसे नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. पहिल्या अपिलात हा मुद्दा लिहा. अपील नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचे असते.

दोषारोपपत्र दाखल झाले की कागदांचा मुक्काम तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या कोर्टात हलतो. आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत त्याला पोलीस अहवाल, जबाब आणि सोबतचे कागद मोफत मिळायला हवेत. कलम २३० ने हा हक्क आता पीडितालाही दिला आहे, मात्र त्याच्या वतीने वकील असेल तर. तिऱ्हाइताला दोषारोपपत्र असे मिळत नाही. ते सार्वजनिक दस्तऐवज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे.

कोर्टातून कागद मिळवण्याचा मार्ग म्हणजे नक्कल अर्ज. माहिती अधिकाराचा अर्ज इथे वाया जातो, कारण प्रमाणित नकला उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागाव्या लागतील, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ठरवले आहे. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प, प्रकरणाचा क्रमांक व वर्ष, पक्षकारांची नावे आणि नेमका कोणता कागद हवा ते लिहायचे. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असे लिहू नका. कोर्टातल्या कागदाला निशाणी क्रमांक असतो. मनाई हुकमाचा अर्ज निशाणी ५ वर असेल तर ‘निशाणी ५ व त्यावरील आदेश’ असे लिहावे. क्रमांक ठाऊक नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधा. तिथे १६ अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो आणि अनेक आदेश वाचताही येतात. ती छापील प्रत माहितीपुरती. अपिलाला प्रमाणित नक्कलच लागते. पक्षकार नसलेल्याने मागण्याचे कारण लिहून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

नक्कल अर्ज निकालाच्या दिवशीच टाका, हे मी आग्रहाने सांगतो. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात. नक्कल तयार होण्यात गेलेले दिवस मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे त्यातून वजा होतात. पण वजावट मिळते ती नक्कल तयार होईपर्यंतचीच. तयार नक्कल न्यायला तुम्ही पंधरा दिवस गेला नाहीत, तर ते पंधरा दिवस तुमच्याच खात्यात पडतात. नकलेवर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते. ती पाहूनच वकील अपिलाचा हिशेब करतो.

आजोबांच्या काळच्या दाव्याचा हुकूमनामा हवा असेल तर तो तालुक्याला बहुधा सापडणार नाही. निकाली प्रकरणांचे जुने रेकॉर्ड जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात असते, आणि त्यातलेही काही ठरावीक वर्षांनंतर नियमाप्रमाणे नष्ट केले जाते. शोधायला दावा क्रमांक लागतो, आणि घरात तो कुणाच्या लक्षात नसतो. अशा वेळी जमिनीचे जुने फेरफार काढा. कोर्टाच्या हुकमावरून नोंद झाली असेल तर त्या फेरफारात कोर्टाचे नाव, दाव्याचा क्रमांक आणि वर्ष बहुतेक वेळा लिहिलेले सापडते.

पुढील भागात : अपघातग्रस्त वाहनाची सुटका आणि मुद्देमाल परत मिळवणे.