‘मला उठवायचं ना!’

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. तीन वर्षांचं पोर झोपेतच कण्हत होतं. थर्मामीटर लावला. १०१.८.

मग सुरू झालं ते सगळं, जे प्रत्येक आईबापाला पाठ असतं. कपाटातून तापाचं औषध शोधा, मोबाइलच्या उजेडात मापाची रेघ बघा, रडणाऱ्या तोंडात ते कसंबसं घाला. पाऊण तासानं तिनं रात्रीचा दूधभात माझ्या अंगावर ओकून टाकला. चादर बदलली, उशीचा अभ्रा बदलला, तिचा फ्रॉक बदलला, माझा गाऊन बदलला. बाथरूममध्ये बादलीत सगळं भिजवून आले, तर ती उठून बसलेली. ‘आई, गोष्ट सांग.’ रात्री सव्वादोन वाजता!

गोष्टीतला ससा झोपला, कासव पोहोचलं, तरी ही जागीच. तेवढ्यात नवऱ्यानं कूस बदलली.

‘काय झालं?’

‘ताप आहे.’

‘अरे! मला उठवायचं ना,’ तो म्हणाला आणि पुढच्या मिनिटाला घोरायला लागला.

तो वाईट माणूस नाही. लेकीवर त्याचा जीव आहे. रविवारी तिला बागेत नेतो, तिच्या वेण्याही घालतो. पण रात्र माझी, असं आमच्या घरात कधी ठरलं, ते आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही. बहुधा कुणी ठरवलंच नव्हतं.

पाचला पुन्हा तिचं अंग गरम लागलं. औषध द्यावं म्हणून बाटली उचलली आणि हात थांबला. मघाचं औषध कधी दिलं होतं? सव्वाला की अडीचला? की दोनदा दिलं? काही केल्या आठवेना. अंधाऱ्या खोलीत बाटली हातात धरून मी नुसती उभी राहिले. त्या रात्रीतली सगळ्यात मोठी भीती ती होती. ताप नव्हे, माझं न आठवणं.

सकाळ

साडेसहापर्यंत ताप उतरला होता. सासूबाई म्हणाल्या, ‘तू जा, मी बघते. दुपारी डॉक्टरांकडे नेऊन आणते.’ कार्यालयात महिनाअखेर होती, रजा मागायची सोय नव्हती. रात्रभरात तुकड्यातुकड्यांनी मिळून दीड तास झोप झाली असेल. डबा भरला आणि ओट्यावरच विसरले. चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता.

आम्ही डोंबिवलीला राहतो. घरापासून स्टेशनपर्यंत मी स्कूटरनं जाते, तिथून लोकलनं दादर. बाजाराच्या वळणावर भाजीची हातगाडी रोज असते. ती मला दिसत होती. तरीही ती थेट चाकासमोर येईपर्यंत ब्रेक दाबावा, हे हाताला सुचलंच नाही. करकचून ब्रेक लागला, स्कूटर तिरकी झाली, दोन-चार टोमॅटो रस्त्यावर घरंगळले.

‘ताई, झोपेत आहात का?’ गाडीवाला ओरडला.

मला राग आला. मीही दोन शब्द सुनावले. टोमॅटोचे पैसे दिले आणि निघाले. पाय मात्र स्टेशन येईपर्यंत थरथरत होते, कारण त्यानं विचारलं ते शब्दशः खरं होतं.

नेहमीची लोकल गेली. पुढचीला इतकी गर्दी की चढता आलं नाही. तिसरीला महिलांच्या डब्यात कशीबशी शिरले. दांडीला धरून उभी असताना डोळे मिटत होते. समोर बसलेल्या एका बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि उठल्या. ‘बस इथे. मी घाटकोपरला उतरणारच आहे. लहान मूल आहे का घरी?’ मी मान हलवली. ‘डोळ्यांवरून कळतं गं,’ त्या म्हणाल्या.

ठाणं आलेलं आठवतं. त्यानंतरचं एकदम छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. दादर कधीच मागे पडलं होतं. डबा रिकामा झाला होता आणि परतीच्या बायका चढत होत्या. त्याच गाडीनं उलटी दादरला आले. कामावर पोहोचले तेव्हा पाऊण तास उशीर झाला होता. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी ‘गर्दी होती’ म्हटलं. ‘मूल आजारी होतं’ म्हणायची का कोण जाणे, लाजच वाटली.

झोप न झालेला माणूस

त्या दिवशी दुपारी भाजीवाल्याचं वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून जरा वाचलं, आणि जे कळलं ते तुम्हालाही सांगते.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांचा एक प्रयोग ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात छापून आला. त्यांनी काही जणांना जागं ठेवलं, वेगळ्या वेळी त्यांनाच दारू दिली आणि दोन्ही वेळा हात-डोळ्यांच्या समन्वयाची चाचणी घेतली. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी, १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरली. २४ तासांच्या जागरणानंतर ती साधारण १०० मिलिग्रॅमच्या पातळीला गेली.

आता आपल्याकडचा कायदा बघा. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. म्हणजे जी अवस्था दारूमुळे आली असती तर पोलिसांनी मला बाजूला घेतलं असतं, जवळपास त्याच अवस्थेत मी भरबाजारातून स्कूटर नेली. मला दीड तासाची झोप मिळाली होती, हे खरं. पण तुटक झोप पूर्ण झोपेची भरपाई करत नाही. प्रौढ माणसाला रोज किमान ७ तास झोप लागते.

झोप अपुरी असली की माणूस उघड्या डोळ्यांनीही काही सेकंद ‘जातो’. त्याला स्वतःला ते कळतही नाही. ताशी ३० किलोमीटरच्या वेगानं जाणारी स्कूटर ३ सेकंदांत २५ मीटर पुढे जाते. हातगाडी तर माझ्यापासून तेवढीही लांब नव्हती.

आणखी एक गोष्ट मला जास्त लागली. झोप झाली नाही की आपला राग पटकन वर येतो. आठवून बघा, मुलांवर आपण सगळ्यात जास्त कधी ओरडतो? बहुतेकदा जागरणानंतरच्या सकाळी. ज्या लेकरासाठी रात्र जागून काढली, त्याच्यावरच सकाळी बूट घालताना खेकसतो.

आपल्याकडे आईच्या जागरणाचं कौतुक फार. ‘पोरासाठी रात्र रात्र डोळ्याला डोळा लागला नाही’ हे आपण अभिमानानं सांगतो. पण जागरण म्हणजे प्रेमाची पावती नव्हे. थकलेली आई किंवा थकलेला बाप औषधाचं माप चुकवू शकतो, गाडी धडकवू शकतो. मुलाला जागी आई हवी असते, तशी दुसऱ्या दिवशी धडधाकट घरी परतणारी आईही हवी असते.

जेवणानंतरची बैठक

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी सगळं सांगितलं. स्कूटर, टोमॅटो, चुकलेलं दादर, हातातली औषधाची बाटली. नवरा गप्प झाला. मग म्हणाला, ‘पण मी म्हटलं होतं, मला उठवायचं ना.’

‘उठवणं हेसुद्धा एक कामच आहे,’ मी म्हटलं. ‘तेही माझ्याचकडे का?’

सासूबाई भांडी आवरत होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, ‘अगं, त्याला सकाळी कामावर जायचं असतं.’

‘आई, मलाही जायचं असतं.’

त्या थांबल्या. हात पुसत येऊन बसल्या. ‘आमच्या वेळी ह्यांना हाक मारायची रीतच नव्हती,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘हा लहान असताना एकदा तीन रात्री जागले होते. चौथ्या दिवशी स्टोव्हवर दूध ठेवलं आणि तिथेच बसल्या बसल्या डोळा लागला. शेजारीण धावत आली म्हणून निभावलं. कुणाला सांगितलं नाही. सगळे म्हणाले असते, एवढंही जमत नाही का.’

चाळीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदा सांगितली. ती ऐकून नवऱ्यानं खाली घातलेली मान बराच वेळ वर केली नाही.

आम्ही काय ठरवलं

रात्रीचे दोन भाग केले. दहा ते दोन एकाची पाळी, दोन ते सहा दुसऱ्याची. ज्याची पाळी नसेल, त्यानं दुसऱ्या खोलीत झोपायचं. सलग चार तास झोप मिळाली तरी सकाळी माणूस बराच माणसात असतो. पाळी असलेल्यानं दुसऱ्याला उठवायचं ते फक्त तीन कारणांसाठी : मुलाला श्वास घ्यायला त्रास होत असेल, झटके येत असतील, किंवा मूल पाणीही न घेता ग्लानीत जात असेल. अशा वेळी घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. तुमच्या घरात तीन महिन्यांहून लहान बाळ असेल, तर त्याला १००.४ ताप आला तरी लगेच डॉक्टरांना दाखवा.

औषधाच्या बाटलीला रबरबँडनं एक छोटी वही बांधली. वेळ, ताप, औषध, किती दिलं आणि कोणी दिलं, एवढंच लिहायचं. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांमध्ये किमान ४ ते ६ तासांचं अंतर लागतं आणि माप मुलाच्या वजनावर ठरतं. झोपाळलेल्या डोक्यावर हे सोडू नये, कागदावर सोडावं.

जागरणानंतरच्या सकाळी गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही. रिक्षा किंवा बस. लोकलमध्ये डोळा लागणार असेल, तर शेजारणीला आपलं स्टेशन सांगून ठेवायचं. आपल्या गाड्यांमधली माणसं हे काम मनापासून करतात. आणि जमल्यास जेवणाच्या सुट्टीत वीसेक मिनिटं डोळे मिटायचे.

शेवटचं म्हणजे कामाच्या ठिकाणी खरं कारण सांगायचं. आपल्याकडे २०१७ पासून पगारी मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, ते चांगलंच आहे. पण ताप काही त्या २६ आठवड्यांत येऊन संपत नाही. आपण ‘गर्दी होती’ म्हणत राहिलो, तर मूल आजारी पडतं ही गोष्ट कुठल्याच साहेबाला कळायची नाही.

ज्यांच्या घरी दुसरं माणूस नाही, त्यांना पाळ्या लावता येत नाहीत, हे मला कळतं. तुमच्या इमारतीत अशी एकटी आई किंवा एकटा बाप असेल, तर सकाळी मूल शाळेच्या बसपर्यंत सोडायला जा किंवा नुसता डबा नेऊन द्या. उपदेश नको, डबा द्या.

परवाची रात्र

परवा लेकीला पुन्हा थोडी कणकण होती. पहिली पाळी माझी होती. दोनला नवऱ्याला उठवायला गेले, तर तो गजर लावून आधीच उठून बसला होता. मी दुसऱ्या खोलीत गेले. खरं सांगते, पहिली दहा मिनिटं झोप आली नाही. तिच्या रडण्याकडेच कान होते. पलीकडून त्याचा आवाज येत होता, ससा आणि कासव यांचाच. त्याच्या गोष्टीतला ससा बहुतेक लोकलनं जात होता.

सकाळी सहाला जाग आली. औषधाच्या बाटलीजवळ वही उघडी होती. त्यात त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं :

‘३.२०. ताप ९९.६. औषध नाही दिलं. पाणी प्यायली. ४.०५ ला झोपली. तुला उठवलं नाही.’